तिसऱ्या मजल्यावरचे चिमटे

ती. जाऊबाई,

धाकटीचा वाकून नमस्कार घ्यावा. (खरोखर वाकले नाही, कंबर धरलीय. मनातल्या मनात वाकले ते पोचलं असं समजा.) भाऊजींना नमस्कार. त्यांचा दमा कसा आहे, आणि तुमच्या गुडघ्याला त्या वैद्याचं तेल लागू पडलं की नुसताच घरभर वास झाला, ते कळवा. पोरंसोरं खुशाल असतील. मी खुशाल आहे. अगदी खुशाल आहे. दोनदा लिहिलं, कारण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुम्ही त्यात मला मारूनच टाकलंय. टीव्हीवर जळती गाडी दाखवली आणि तिच्या बाजूला उभी असलेली बाई म्हणजे आपली धाकटीच, असं भाऊजी छातीठोकपणे सांगतात म्हणे. त्यांना सांगा, ती मी नव्हे. जळत्या गाडीशेजारी मी कशाला उभी राहू? मला काय कामं नाहीत?

तुम्ही विचारलंत, परक्या मुलखात, अशा दंगलीत, एकट्या बाईला सुरक्षित वाटतं का. वाटतं. इतकं सुरक्षित मला आपल्या घरातसुद्धा कधी वाटलं नाही (रागावू नका, तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं). इथलं भांडण दोन प्रार्थनाघरांचं आहे. एक आमच्या रस्त्याच्या वरच्या टोकाला, दुसरं खालच्या. देव एकच आहे म्हणतात, पण त्याचं म्हणणं कुणाच्या तोंडून ऐकायचं यावर आधीपासून धुसफूस होती. मग निवडणूक आली आणि धुसफुशीच्या हातात झेंडा आला. नेमकं काय बिनसलं ते मी दोन्हीकडे विचारून पाहिलं. वरच्यांनी जे सांगितलं तेच खालच्यांनी शब्दाला शब्द सांगितलं, फक्त बोट उलट्या दिशेला केलं. मग मी विचारणं सोडलं. इस्त्री तापत ठेवून गेले होते, ती जळायची.

आता चौकात दंडाला पट्टी बांधलेली माणसं उभी असतात. सकाळी एका रंगाची पट्टी, कधी दुपारनंतर दुसऱ्या रंगाची. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवतात, नाव विचारतात, प्रार्थना म्हणून दाखवायला लावतात. चांगली शिकलीसवरलेली माणसं घाम पुसत शाळेतल्या पोरांसारखी प्रार्थना म्हणतात. एखाद्याची अडखळली की त्याला बाजूच्या बंद दुकानात नेतात. दुकानाचं शटर अर्धंच वर असतं, माणूस वाकून आत जातो. बाहेर येताना मी कुणाला पाहिलेलं नाही. (पण मी तिथे उभी राहून बघत नाही हो, मला कामं असतात.) माझी पाळी आली की मात्र ते बाजूला सरकतात. ‘बाहेरची आहे, जाऊ दे. तुला काही होणार नाही.’ वरचे असोत नाहीतर खालचे, सगळे हेच म्हणतात, ह्याच शब्दांत, आणि म्हणताना माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. कानाच्या बाजूने पलीकडे बघतात. पहिल्यांदा बरं वाटलं. मग चीड यायला लागली. पायपुसण्यालाही काही होत नाही, म्हणून काय त्याने आनंद मानायचा? एकदा मी तिथेच ठाण मांडलं. म्हटलं, अहो, रांगेत उभी आहे मी, मलापण विचारा की काहीतरी! तो पट्टीवाला माझ्या कानाच्या बाजूने बघत राहिला आणि मागच्याला म्हणाला, ‘पुढे ये.’ घरी आले तशी आधी आरशासमोर गेले. आरशात मी होते. पण जरा उशिराने आल्यासारखी वाटले.

असो. मी ज्या लॉन्ड्रीत आहे ती इमारतीच्या तळाला, आणि तिच्याच मागच्या खोलीत मी राहते, हे तुम्हांला माहीत आहे. वरती बिऱ्हाडं. आधी लॉन्ड्रीचा मालक गेला, दोन दिवसांत येतो म्हणून. मग दुसऱ्या मजल्यावरचा दाताचा डॉक्टर. तो वरच्या प्रार्थनाघराचा. जाताना किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, कुणाला देऊ नकोस, विशेषतः तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईला. मग तिसऱ्या मजल्यावरची ती बाई आली. ती रिटायर झालेली मास्तरीण, खालच्या प्रार्थनाघराची. तिने किल्ली दिली आणि म्हणाली, कुणाला देऊ नकोस, विशेषतः त्या डॉक्टरला. मी दोघांच्याही किल्ल्या एकाच खिळ्याला लावल्या. मग बाकीचे आले. तू बाहेरची म्हणून तुझ्यावर विश्वास, असं सगळे म्हणाले. (परकं झालं की माणूस विश्वासू होतो, हे आधी ठाऊक असतं तर मी तुमच्याशीही जरा कमी बोलले असते.) मास्तरीण गेली ती तर अख्ख्या रस्त्याला दाखवून. हातात बॅग, काखेत छत्री, बहिणीकडे चालले, बहिणीकडे चालले असं दरवाजात उभं राहून मोठमोठ्याने सांगितलं, रुमालाने डोळे टिपले आणि मला बजावलं की माझ्या कुंड्यांना पाणी रोज घालायचं नाही, एक दिवसाआड घालायचं. मला! मी काय झाडं कधी बघितली नाहीत?

तर अख्ख्या इमारतीत मी एकटी. तुम्ही म्हणाल, बाई गं, भीती नाही का वाटली? भीतीचं नंतर सांगते, आधी त्रासाचं ऐका. समोरची इमारत अशीच रिकामी झाली होती. एका सकाळी तिच्या दारांवर रंगाचे पट्टे ओढलेले दिसले, दुपारी खिडक्यांतून पलंग-कपाटं रस्त्यावर आली, आणि लपलेलं एक म्हातारं जोडपं सापडलं, त्यांना त्या अर्ध्या शटरच्या दुकानात नेलं. मी दारात उभी राहून विचार केला, ह्या लोकांना कळतं कसं कुठलं घर रिकामं ते? मग ते मान वर करून काय बघतात तिकडे मीही बघितलं. ते गॅलऱ्यांतल्या दोऱ्या बघत होते, जाऊबाई. दोरीवर कपडा नाही म्हणजे घरात माणूस नाही. एवढं साधं. आणि लॉन्ड्रीत तर लोकांनी न नेलेल्या कपड्यांची गाठोडीच्या गाठोडी पडलेली. मी ती उचलली, किल्ल्या घेतल्या आणि मजल्यामजल्यावर कपडे वाळत घालत सुटले. डॉक्टरच्या गॅलरीत शर्ट-पँटी, पहिल्या मजल्यावर लहान पोरांचे झबले, वर साहेबी बनियन. सकाळी ओले करून वाळत घालायचे, संध्याकाळी काढायचे, दुसऱ्या दिवशी अदलाबदल करायची. न धुतलेल्या कपड्यांना नुसतंच पाणी दाखवायला हात धजेना, म्हणून साबणही लावला. पट्टीवाले येत, मान वर करत, आणि पुढे जात.

आता भीतीचं. बाजारातून येताना मी वर बघितलं आणि हातातली पिशवी रस्त्यातच खाली ठेवली. वारा सुटला होता. सगळ्या गॅलऱ्यांत कपडे फुगले होते, बाह्या हलत होत्या, एक पँट गुडघ्यात वाकून परत सरळ होत होती. घरं भरलेली दिसत होती. मला माहीत होतं की आत कुणी नाही, तरी मला वाटलं की आहेत, आणि ते माझी वाट बघताहेत. त्या दिवसापासून मला जिन्यात बोलायची सवय लागली. आले हो, जरा थांबा, घाई काय आहे, असं. डॉक्टरच्या खोलीत कपाटावर प्लास्टरच्या दातांच्या कवळ्या रांगेने मांडल्यात, सगळ्या आ वासलेल्या. त्यांच्याकडे पाठ करून गॅलरीत जायचं म्हणजे मानेवर काटा यायचा. त्यांनाही मी दटावलं, गप बसा. आणि त्या गप बसल्या तेव्हा भर दुपारी डोक्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिसऱ्या मजल्यावर. मास्तरणीच्या घरात. मी स्वतःला म्हटलं, मांजर असेल. मास्तरणीकडे मांजर नाही, हे मला माहीत होतं, पण मी स्वतःशी त्या विषयावर वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र डोकं फिरलं. तुम्हांला कपडे वाळत घालायची आमची धंद्यातली रीत माहीत नसेल (तुमचे कपडे खुर्चीच्या पाठीवर वाळतात). शर्ट उलटा घालायचा, घेर वर आणि कॉलर खाली. चिमटा बाजूच्या शिवणीवर, म्हणजे खांद्यावर वळ येत नाही. आणि एका शर्टाच्या शिवणीचा चिमटा तोच पुढच्या शर्टाच्या शिवणीला, म्हणजे चिमटे कमी लागतात. रस्त्यातून वर बघते तर काय, सगळ्या गॅलऱ्यांत माझे शर्ट उलटे, आणि तिसऱ्या मजल्यावर सुलटे! खांद्यांना धरून, प्रत्येकाला दोन-दोन चिमटे, रांगेत उभी केलेली पोरं जशी. माझ्या अंगावर शहारा आला तो भुताचा नव्हे. भूत असतं तर मी सोडूनही दिलं असतं. माझ्या कपड्यांना हात लावायचा? तीन जिने मी कंबर विसरून चढले. किल्ली लावली, दार ढकललं, आणि स्वयंपाकघरात टेबलाशी मास्तरीण बसलेली. अनवाणी. पडदे ओढलेले. हातात माझे उरलेले चिमटे.

ती कुठेही गेलेली नव्हती, जाऊबाई. पुढच्या दाराने सगळ्यांना दाखवून गेली आणि मागच्या जिन्याने, जवळच्या दुसऱ्या किल्लीने परत आली. बहीण नाहीच तिला. जायला जागाच नव्हती, म्हणून ती गेल्याचं नाटक करून स्वतःच्याच घरात लपली. नळ सोडायचा नाही, दिवा लावायचा नाही, चप्पल घालायची नाही. मी रोज तिच्या घरात येऊन कपडे वाळत घालत होते, मोठमोठ्याने बडबडत होते, तेव्हा ही पलंगाखाली आडवी होऊन ऐकत होती. मी तिच्याबद्दल जे बोलले तेही. (बोलले होते. कुंड्यांवरून.) मी म्हटलं, अगं बये, जीव मुठीत धरून बसलीस आणि गॅलरीत हात घालतेस? कशाला? तर मला म्हणते, ‘उलटे टांगलेले बघवत नव्हते. माणसं अशी टांगतात का?’ मी म्हटलं, माणसं नाहीत, शर्ट आहेत. ती म्हणाली, ‘रोज तेवढंच दिसतं पडद्याच्या फटीतून. डोकी खाली, हात लोंबकळलेले.’ मग आम्ही दोघी कुजबुजत कडाकडा भांडलो. असं भांडण तुम्ही बघितलं नसेल. ती म्हणे खांद्याने, मी म्हणे घेराने, आणि खालून पट्टीवाले गेले की दोघी एकदम गप्प, पावलं लांब गेली की परत सुरू. ह्या देशात आल्यापासून माझ्या तोंडाकडे बघून कुणी भांडलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. दमून मी तिला पाव आणि भाजी आणून दिली. तिने ती खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणाली.

ही झाली गंमत. आता आजचं. आज सकाळी चौकातून येताना मला थांबवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. थांबवणारा पट्टीवाला जाडजूड, गालावर खळी, बोलायला अगदी गोड. त्याने कानाच्या बाजूने नाही, थेट माझ्या डोळ्यांत बघितलं. आणि मला मेलीला एवढी इच्छा होती ना कुणी बघावं म्हणून! आता वाटलं, नको, परत कानाकडे बघ बाबा. तो म्हणाला, ‘माझी आई कपडे धुवायची.’ मी म्हटलं, छान. तो म्हणाला, ‘लहानपणी गल्लीत शिरलो की दोरीवरून कळायचं, हे आईने वाळत घातलेत, हे दुसरीने. तुमच्या त्या इमारतीत एवढ्या गॅलऱ्या, आणि सगळीकडे एकच हात आहे. नाही?’ मी म्हटलं, लॉन्ड्रीचे कपडे आहेत, खाली जागा पुरत नाही. तो हसला. म्हणाला, ‘तेच म्हणतो मी. फक्त तिसऱ्या मजल्यावर दुसरा हात आहे.’

जाऊबाई, तुम्ही मला नेहमी म्हणता, धाकटे, तुझी जीभ तुझ्या आधी धावते. आज धावली ते बरं झालं. मी म्हटलं, तिसऱ्यावरची दोरी फार उंच आहे, माझी कंबर धरलीय, घेर वर पोचवता येत नाही, म्हणून खांद्याला चिमटे लावले. त्याने मान हलवली, किती समजुतीने! म्हणाला, ‘एवढंच ना? उद्या दुपारी मी येतो. दोरी खाली बांधून देतो. तुम्ही आमच्या पाहुण्या, तुम्हांला त्रास नको.’ आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तुम्हांला काही होणार नाही.

तो खरंच दोरी बांधायला येणार की कशाला, ते मला त्याच्या तोंडावरून कळलं नाही. त्याच्या आईची आठवण काढताना त्याचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं. आणि त्याच्या मागे शटर अर्धं वर होतं, तेही पाहिलं.

पण तुम्ही काळजी करू नये. आपल्या देशाच्या कचेरीने इथल्या आपल्या लोकांना न्यायला बस ठेवलीय, ती उद्या सकाळी सुटते, थेट विमानतळावर. यादीत माझं नाव आहे. परवा संध्याकाळी दारात हजर. भाऊजी दार उघडायला आले तर मफलर घालून यावेत. माझी खोली झाडून ठेवा, त्यात तुम्ही कांदे पसरले असतील ते काढा.

भाऊजींना पुन्हा नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची
धाकटी

ता. क. वरचं सगळं भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही. इथून पुढचं तुम्ही एकट्याने वाचावं, स्वयंपाकघराचं दार लावून.

ता. क. पत्र टपालाने आलं नाही, कुणीतरी हातात दिलं, हे तुमच्या ध्यानात आलं असेलच. जिने दिलं ती माझी हिरवी साडी नेसलीय, तिच्याकडे माझा पासपोर्ट आहे आणि तिच्या जबड्याला फडकं बांधलंय. दाढ दुखत नाहीये. डॉक्टरच्या घरातून कापूस आणून मीच बांधलं, म्हणजे वाटेत कुणी बोलायला लावणार नाही. फोटोची चिंता केली नाही. आठवतं ना, फोटोवाल्याने मला शिंक येताना टिपलं, त्यात नुसतं नाक आणि पदर आहे. आणि तसंही साडी दिसली की तोंडाकडे कोण बघतं?

ता. क. बसमध्ये जागा एकच होती, म्हणून हे. ती इथे राहिली तर तिला मारतील. मला नुसतं विसरतील. उद्या तो दोरी बांधायला आला की मी स्टूल धरीन. सकाळी साडी नेसून गेली ती कोण, असं त्याने विचारलंच, तर सांगीन, माझी जाऊ आली होती, भांडून परत गेली. (हे खरं वाटेल असं मी सांगू शकते.) मग निवांतपणे कचेरीत जाईन, पासपोर्ट हरवला म्हणेन, पुढची बस निघाली तर तिने येईन. निघेलच. ती मला परत परत विचारत होती, तुझं काय, तुझं काय. मी म्हटलं, मला काही होणार नाही, इथे सगळेच म्हणतात.

ता. क. आता माझी विनंती. आयुष्यात तुमच्याकडे काही मागितलं नाही (ती पाटल्यांची गोष्ट वेगळी). ती बाहेर थांबली असेल, सगळ्यांदेखत तिला माझ्या नावाने हाक मारा आणि आत घ्या. शेजारणी म्हणतील, ही धाकटी वाटत नाही. म्हणावं, परदेशात राहून माणूस बदलतं. मी पाठवलेल्या मागच्या फोटोत तर तुम्हीच विचारलंत, ही कोण, म्हणून. तिचा देव कुठला, ते विचारू नका. तुमच्या सोवळ्याला मी वीस वर्षं पुरले, तीही पुरेल. भाऊजींना कळेलच, पण ते माझ्यासमोर कधी मान वर करून बोलले नाहीत, तेव्हा त्यांनाही कळायला वेळ लागेल.

ता. क. हे लिहितेय तोवर ती समोर बसून माझं नाव पाठ करतेय. पाठांतर कसं करायचं हे तिला कुणी शिकवायला नको. डोळे मिटून, हाताची घडी घालून, पुन्हा पुन्हा, आधी माझं, मग तुमच्या दिरांचं, मग आडनाव. आता उच्चार अगदी माझ्यासारखा जमलाय. दुसऱ्याच्या तोंडून आपलं नाव इतकं ऐकलं की कसंसंच होतं. मघाशी माझ्या तोंडून सवयीने ‘ओ’ निघून गेली. तिने डोळे उघडून माझ्याकडे असं बघितलं की वर्गात उभं राहावं तशी मी उभी राहिले. म्हणाली, ‘तू नाही. मी.’ आणि परत पहिल्यापासून सुरू केलं.